सोबत बसणे

धर्मादाय कार्यालयातल्या कारकुनाने
अर्जातल्या उद्दिष्ट क्रमांक चारवर पेन टेकवलं.
‘सोबत बसणे’? हे काय असतं?
हे उद्दिष्ट होत नाही, ताई.
समुपदेशन लिहा. सक्षमीकरण लिहा.

बाहेर चव्वेचाळीस अंश. आम्ही सातजणी एका बाकावर,
पदराने घाम पुसत, आधार कार्डांनी वारा घेत.
महानंदा बिराजदार, जिला अजून स्वप्नं कानडीत पडतात.
शहनाज बागवान, जिने पापडाचा गाळा रिकामा करून दिला,
अजून तिथे हिंगाचा वास आहे.
आणि मी, नरसम्मा येमुलची मुलगी.

कारकुनाला सांगायला हवं होतं,
नऊ वर्षांची होते मी.
आई दिवसाला हजार विड्या वळायची,
मराठी तिला पानतंबाखूच्या वजनापुरतीच यायची.
सिव्हिलमधे डॉक्टर विचारत होते, काय होतंय?
आई तेलुगूत सांगत होती, खाली बघून,
आणि मधे मी.
रक्त जातंय एवढं मला कळलं.
त्यासाठीचा शब्द मला दोन्ही भाषांत नव्हता.
मी म्हणाले, आईला लागलंय.
कुठे?
मी तिचं बोट पुढे केलं, कात्रीने कापलेलं.
पांढऱ्या मलमाची एक ट्यूब मिळाली.
आईने ती दोन्ही हातांनी घेतली.
पुढची चार वर्षं ती तशीच रक्तात बसून
विड्या वळत राहिली.

हे मी कारकुनाला सांगितलं नाही.
समुपदेशन लिहिलं. सह्या केल्या, सात.

उद्घाटन बुधवारी ठरलं
आणि बुधवारीच विडी घरकुलात नळ आला,
पाच दिवसांनी.
कोण येणार? आम्हीच निम्म्याजणी
घागरी भरून ओल्या परकराने पोचलो.
नारळ फुटला, पेढे उरले.

पाटी मात्र झकास झाली होती.
मराठी, तेलुगू, कानडी अंबादास पेंटरला हातची येते.
उडिया त्याने मोबाईलवरून उतरवली,
म्हणाला, या अक्षरांना प्रत्येकाला आपापली छत्री आहे,
गावात उन्हाळा असावा आपल्यासारखाच.
एक छत्री चुकली.
ते आम्हाला कळायचं कारण नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर
एक बाई दारासमोर उभी राहून हसत होती,
तोंडावर ओढणी धरून, खांदे हलेपर्यंत.
कुंतला बेहेरा. अक्कलकोट रोडचा कारखाना,
टॉवेलच्या कडा शिवते, उभ्याने.
तिने खडू मागितला
आणि भिंतीवर ते अक्षर नीट काढून दाखवलं.
मग आत आली. पेढा घेतला.
मग हसू संपलं आणि ती कमरेवर हात ठेवून म्हणाली,
अंटा बिंधुछि.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं.
सातजणींच्या मिळून चार भाषा,
त्यांतली एकही तिची नाही.
बिंधुछि, ती पुन्हा म्हणाली, आणि बोटाने
हवेत काहीतरी आरपार नेलं.
महानंदा हळूच म्हणाली, विंधतंय गं.
बोअर विंधतात ना, तसं.

सोमवारी मी तिच्याबरोबर सिव्हिलला गेले.
तोच व्हरांडा. बाक नवे, लोखंडी, बुडाला चटका देणारे.
तिच्या मुलाला तिने घरी ठेवलं होतं,
मीच सांगितलं होतं तसं.
आठ वर्षांचा आहे. मराठी फाडफाड बोलतो.
शाळेत जाऊ दे म्हटलं.

नोंदणीचं पत्र पिशवीत होतं.
क्रमांक चार : समुपदेशन व तत्सम कार्ये.
आमचा केसपेपर एकशे बारा,
आत सत्तेचाळीस चालू होता.
तिने डब्यातला पखाळ काढला, आंबूस, गार,
मी कडक भाकरी मोडली, शेंगाचटणी सोडली.
ती चटणीने ठसकली, मी पाणी दिलं,
आणि तत्सम कार्य
दुपारी अडीचपर्यंत चाललं.